गार पाण्यासाठी मऊ आमिष

आर्डिस निगार्डच्या गळ-आमिषांच्या दुकानात एप्रिलमध्ये गिऱ्हाईक कमी आणि फुकटची कॉफी पिणारे जास्त. केटल सरोवरावरचा बर्फ तेव्हा काळा पडलेला असतो. त्यावरून चालणं धोक्याचं आणि त्यातून होडी घालणं अशक्य, त्यामुळे गावातल्या पुरुषांना जायला दुसरी जागा नसते. अशाच एका सकाळी रेनो मकेला आत आला आणि कप भरून घेत म्हणाला, "बोटीबरोबर ट्रेलरही देणार म्हणालाय व्हर्लिन. त्याची चाकं बदललीत का गं?"

आर्डिस टाकीतली मेलेली मासळी जाळीने काढत होती. "कुठल्या बोटीबरोबर?"

"अगं, तुमच्याच." रेनो थांबला. "तुला बोलला नाही?"

"बोलला असेल. पंपाच्या आवाजात ऐकू आलं नसेल. कधी नेतोयस?"

"मासेमारीचा हंगाम उघडला की पुढच्या सोमवारी. पहिल्या दिवशी सगळं गाव पाण्यावर असतं, त्यांच्या डोळ्यांदेखत नको म्हणाला."

"चाकं नवी आहेत," आर्डिस म्हणाली आणि पुन्हा टाकीकडे वळली.

तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, उभं आयुष्य त्या बोटीत काढलं होतं. शहरातून येणाऱ्यांना वॉलआय कुठे बसतो ते दाखवायचं, हा त्याचा धंदा. आमच्याकडे नुसतं मासा म्हटलं तरी वॉलआयच समजतात. व्हर्लिन बोटीच्या मागच्या बाकावर बसायचा, डावा हात मोटरच्या दांड्यावर आणि उजव्या हातात गळाची काठी. शिशाचं डोकं असलेला गळ तळापर्यंत सोडायचा, किंचित उचलायचा, पुन्हा टेकवायचा. नोव्हेंबरमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय बऱ्यापैकी परत आला. उजवा हात खांद्यातून उचलला जातो, पण बोटं मिटत नाहीत.

मार्चमध्ये एकदा आर्डिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला गॅरेजमध्ये पाहिलं. बादलीतली जिवंत मासळी काढून तो दोन गुडघ्यांत धरत होता आणि डाव्या हाताने तिच्या ओठातून गळ घालू पाहत होता. मासळी निसटून सिमेंटवर तडफडायची. तो दुसरी काढायचा. बऱ्याच वेळाने तो आत आला आणि थेट झोपायच्या खोलीत गेला. आर्डिसने गॅरेजमध्ये जाऊन खाली पडलेली मासळी गोळा केली, जमीन धुतली आणि जेवण वाढलं. रेनोला त्याने शब्द दिला तो त्याच आठवड्यात असणार, हे तिच्या आता लक्षात आलं.

आर्डिस गाईंच्या गोठ्यात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा मासेमारीत तिला काडीचा रस नव्हता. दुकान सासऱ्यांचं आणि तिथे फक्त गळाला लावायची जिवंत मासळी विकली जायची. मऊ प्लास्टिकची आमिषं तिने आणली, तीही घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून. व्हर्लिन त्यांना "रबर" म्हणायचा. ती टांगलेल्या मागच्या भिंतीला तो "खेळण्यांचं दुकान" म्हणायचा आणि आपल्या गिऱ्हाइकांना तिथून हात धरून बाहेर न्यायचा. ती वाद घालत नसे. नवं पाकीट आलं की त्यातलं एक आमिष दोऱ्याला बांधून मासळीच्या टाकीत सोडायची आणि त्याची शेपटी कशी हलते ते बघत राहायची. वर्षानुवर्षं असं बघून तिने आपले अंदाज बसवले. पाणी गार असताना मासा सुस्त असतो, त्याच्यासमोर फार वळवळ नको. बारीक, सरळ शेपटी पुरे. उन्हाळ्यात वल्ह्यासारखी चपटी, पाणी थापटणारी. स्वच्छ पाण्यात रुपेरी रंग. केटलचं पाणी दलदलीतून येतं, कोऱ्या चहासारखं, तिथे सोनेरी, नारिंगी नाहीतर पोपटी. डोक्याचं शिसं गळ तळाला टेकेल इतकंच. रतीभर जड झालं तरी मासा बिचकतो.

व्हर्लिनसाठी तिला प्लास्टिक सुचलं ते मात्र सोप्या कारणाने. ते तडफडत नाही. आणि एकदा गळावर चढवलं की मासा हुकला तरी तिथेच राहतं, दर वेळी नवं लावावं लागत नाही.

पहिल्यांदा तिची चूक झाली. तिने घरी बसून डबाभर गळांवर आमिषं चढवली, प्रत्येकाला डिंकाचा थेंब लावला आणि डबा त्याच्या खुर्चीशेजारी ठेवला. व्हर्लिनने डबा उघडून पाहिला आणि परत मिटला.

"माझ्या ताटातलं मांस तू कापून देतेस," तो म्हणाला. "सदऱ्याची बटणं लावतेस. मी काही म्हणतो का?"

"नाही म्हणत."

"बोटीत माझं मी करणार. ते जमत नसेल तर बोट नको. रेनोला देऊन टाकलीय मी."

"कळलं मला."

"कळलं ना? मग झालं तर."

म्हणजे आता असं आमिष हवं होतं, जे एका हाताच्या माणसाला स्वतः गळावर ओवता येईल. तेही हंगाम उघडायच्या आत. सोमवारनंतर बोटच राहणार नव्हती.

आर्डिसने दुकानात, स्टोव्हशेजारच्या काउंटरवर, एकेक पाकीट उघडायला सुरुवात केली. उजवा हात तिने एप्रनच्या नाडीने कमरेला बांधून घेतला, कारण नुसता खिशात घातला तर तो आपोआप मदतीला बाहेर येत होता. डाव्या हाताने आमिष गळावर ओवायचं. डोक्यातून गळाचं टोक आत, अंगातून पुढे, मग पाठीतून बाहेर. कडक प्लास्टिक सरळ ओवलं जायचं. पण कडक आमिष मासा तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. ज्याचा हात झटक्यात उठतो त्याला चालतं. व्हर्लिनच्या डाव्या हाताला ती सवय नव्हती. त्याला मऊ, मिठात घोळलेलं हवं, मासा खरं समजून धरून ठेवील असं. आणि मऊ आमिष एका हाताने ओवताना टराटरा फाटत होतं. फाटक्या शेपट्यांचा ढीग काउंटरवर वाढत गेला.

रेनो कॉफी घेऊन शेजारी उभा होता. "अस्वलाला विणकाम शिकवलं तर असंच दिसेल," तो म्हणाला.

"तू करून बघ."

"मला कशाला हवंय? माझे दोन्ही हात..." तो कपात बघू लागला.

त्याच वेळी मागच्या दारातून व्हर्लिन काठी टेकत आत आला. त्याने काउंटरवरचा ढीग पाहिला. मग बायकोचा एप्रनच्या नाडीने बांधलेला हात पाहिला. आर्डिसने गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण डाव्या हाताने तिला तीही सुटेना.

व्हर्लिनने काठी काउंटरला टेकवून ठेवली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "उलटं धरलंयस," तो म्हणाला. "साच्याची शिवण असते त्याला. ती बघ. त्या रेषेने गेलीस तर वाकडं होत नाही."

"आम्हाला कुठली शिवण दिसायला. आमचं खेळण्यांचं दुकान."

"सरक. दे इकडे."

रेनो त्या दिवशी दुसरा कप न घेताच निघून गेला. नवरा-बायको दुपारपर्यंत बसले होते. सगळ्यात मऊ पाकीट व्हर्लिनच्या हातून हाताळतानाच फाटत होतं. ते त्याने बाजूला सारलं. मधल्या जातीचं, जरा कडक, सोनेरी पाठीचं त्याला जमलं. दुसऱ्या दिवशी त्याने बर्चच्या लाकडाचा एक ठोकळा घेऊन त्यात गळाचं डोकं अडकेल अशी खाच कोरली आणि तो बोटीच्या बाकावर ठोकून घेतला, पुढच्या बाकावर. तिथे आजवर गिऱ्हाइकं बसत आली होती.

"विकायच्या बोटीला कशाला खिळे मारतोयस?" आर्डिसने विचारलं.

"एक दिवस जाऊन बघू," तो म्हणाला. "बोट सोमवारीच द्यायचीय."

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी सरोवरावर धुकं होतं आणि धक्क्याच्या खांबांना अजून बर्फाच्या कडा होत्या. मोटर आर्डिसने चालवली. इतक्या वर्षांत ती मागच्या बाकावर कधी बसली नव्हती.

"डावीकडे घे. डावीकडे! दांडा उलट ढकलायचा, बाई."

"मग नीट सांग ना, उजवीकडे म्हण."

"बोट डावीकडे म्हणजे दांडा उजवीकडे. देवा! लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनी तिकीट नाही काढलं."

खडकाळ उंचवट्यापाशी तिने नांगर टाकला. व्हर्लिनने ठोकळ्यात गळ अडकवला, आमिष ओवलं, शिवण बघून, आणि डाव्या हातातल्या काठीने गळाचा दोर खाली सोडला. मासा लागला की काठी काखेत दाबायची आणि डाव्याच हाताने रीळ फिरवायचं, हे त्याने अंगणात घोटून घेतलं होतं. तो गळ उचलत होता, टेकवत होता. आर्डिसला त्याच्या खांद्यांवरून कळलं की आता सगळं ठीक आहे.

मग टक् झालं. काठीचं टोक थरथरलं, त्याने हात उचलला, पण मासा नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा काही नाही. असं होत राहिलं. शेजारच्या बोटींतून जाळ्या पाण्यात जात होत्या आणि भरून येत होत्या. व्हर्लिनची मान खाली गेली.

"हात मंद झालाय," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. चल, नांगर उचल."

"गळ वर घे आधी."

"आर्डिस, पुरे. परत जाऊ."

"गळ वर घे म्हणते ना."

गळ वर आला तशी तिने आमिष चिमटीत धरलं. ते दबलं नाही. दुकानात बोटांखाली वाकणारं ते प्लास्टिक आता पेन्सिलीच्या खोडरबराइतकं टणक होतं.

"तुझा हात नाही रे," ती म्हणाली. "हे बघ."

"मला समजावू नकोस."

"समजावत नाहीये. तूच दाब."

त्याने डाव्या हाताच्या बोटांनी दाबलं. मग पुन्हा दाबलं. "लाकूड झालंय हे."

"मी स्टोव्हशेजारी बसून पारखत होते," आर्डिस म्हणाली. "एप्रिल महिन्यात, पेटलेल्या स्टोव्हशेजारी. आणि हे पाणी काल-परवापर्यंत बर्फ होतं. मासा काय करेल? थुंकणारच."

व्हर्लिन तिच्याकडे बघत होता. त्याच्या तोंडाची डावी बाजू हलली, उजवी मागाहून. "जन्मभर रबर विकलंस," तो म्हणाला, "आणि रबराला थंडी वाजते हे आज कळलं तुला?"

"तुला तरी कुठे कळलं? तू पण तिथेच बसला होतास."

"मी गिऱ्हाईक. मला जे दिलं ते घेतलं." त्याने हात पुढे केला. "ती मऊ आणलीयस का? फाटायची ती?"

तिच्या आमिषांच्या पेटीत सगळंच होतं. पाकीट त्याने दातांनी फाडलं आणि आतलं एक आमिष मुठीत धरून हात बोटीबाहेर, सरोवराच्या पाण्यात बुडवून ठेवला. हात लाल होईपर्यंत ठेवला. आर्डिस किनाऱ्यावरच्या झाडांकडे बघत बसली. त्या झाडांत बघण्यासारखं काही नव्हतं, पण तो ओवत असताना त्याच्या हाताकडे बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. पहिल्यांदा ते वाकडं गेलं, तिला त्याच्या श्वासावरून कळलं. त्याने काढून पुन्हा ओवलं. गारठलेलं ते मऊ प्लास्टिक फाटलं नाही.

या वेळी टक् झालं आणि काठीचं टोक वर आलंच नाही. मासा धरून बसला होता. व्हर्लिनचा हात उठला, त्याच्याच गतीने, आणि काठी वाकली. त्याने ती काखेत दाबली, रीळ फिरवायला लागला, एक पाय बोटीच्या फळीला रोवला.

"जाळी! आर्डिस, जाळी!"

"आले ना."

"डोक्याकडून घाल! शेपटीकडून नाही, बाई, डोक्याकडून!"

पहिल्या खेपेला तिची जाळी चुकली. दुसऱ्या खेपेला मासा आत आला. मोठा नव्हता, दोघांच्या तव्यात मावेल इतका. सोनेरी अंग, काचेसारखे पांढुरके डोळे. व्हर्लिनने त्याला गळातून सोडवून बोटीतल्या पाण्याच्या पेटीत टाकलं, तेही स्वतःच, आणि मग बाकावर बसून ओला हात मांडीवर पुसत राहिला. मासा पेटीत आपटत होता.

रेनोची जुनी बोट हळूच जवळ आली. त्याने मोटर बंद केली. "लागला का काही?"

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला.

"कशावर?"

"रबरावर."

रेनोने आर्डिसकडे पाहिलं, मग बाकावरच्या ठोकळ्याकडे. दोन्ही बोटी लाटांबरोबर थोडं वरखाली झाल्या. "सोमवारी सकाळी येऊ की दुपारी?" त्याने विचारलं.

व्हर्लिन गळाच्या टोकाशी आमिष सारखं करत होता. शेपटी सरळ आहे की नाही ते त्याने उजेडाकडे धरून पाहिलं.

"सोमवारी आम्ही घरी नसणार," तो म्हणाला.

"बरं," रेनो म्हणाला. "मग मंगळवारी?"

"मंगळवारचंही सांगता येत नाही."

रेनोने मान हलवली. इतकं उत्तर त्याला पुरेसं होतं. टोपीला बोट लावून त्याने मोटर सुरू केली आणि निघून गेला.

"सोमवारी दुकान कोण बघणार?" आर्डिसने विचारलं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्या दुकानाचं दार सासऱ्यांच्या काळापासून कधी बंद राहिलं नव्हतं.

"बंद ठेव," व्हर्लिन म्हणाला आणि दोर पुन्हा खाली सोडला.