धाकट्याची आरोळी

केबल काढायचं मी ठरवलं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आमच्या केबलची वायर काकाच्या गच्चीवरून यायची. सामना रंगात आला की ती नेमकी निसटायची. वर जाऊन बघावं तर काका टाकीत वाकून पाण्याचा अंदाज घेत उभा. "वाऱ्यानं झालं आसंल," म्हणायचा. झाडाचं पान हलत नसायचं.

काका म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा, सख्खा धाकटा भाऊ. भरे गावात दोघांनी मिळून घर बांधलं होतं. पुढं रस्त्याकडेची जमीन बिल्डरला गेली, वाटणीवरून तोंडं फिरली आणि घराच्या मधोमध एका विटेची भिंत आली. अण्णांना अर्धांगवायू झाला तेव्हाही काका त्या भिंतीला वळसा घालून आला नाही. त्याच आठवड्यात त्यानं नव्या गाडीचे पेढे मात्र आमच्याकडं धाडले. मी ते म्हशीला घातले.

अण्णांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि उरलं फक्त क्रिकेट. मी हिंजवडीत नोकरी करते, चार गोष्टी मला कळतात, असा माझा समज. मोठा टीव्ही आणला, इंटरनेटचा डबा आमच्याच खिडकीला लावून घेतला, सामने दाखवणारं ॲप घेतलं. केबलवाल्याला सांगितलं, तुझी वायर गुंडाळून ने. त्या दिवशी काकाची जिरवली म्हणून मी खुशीत होते.

पहिल्याच सामन्यात आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत होता, तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली, "ग्येला!" मग आमच्याकडं चेंडू पडला आणि दांडी उडाली.

इंटरनेटवरचं चित्र केबलपेक्षा मागून येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकाच्या घरी अजून केबल होती. आमच्याकडं चेंडू पडायच्या आधी त्याच्याकडं निकाल लागलेला असायचा. हे त्याच्या ध्यानात यायला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या सामन्याला त्यानं खुर्ची ओढून आमच्या बाजूच्या खिडकीत मांडली. चौकार, षटकार, झेल, सगळं तो आधीच ओरडून मोकळा व्हायचा. वर स्वतःच्या बायकोला मोठ्यानं सांगायचा, "काही लोकांचं सगळंच मागनं चालतंय बघ." लुळ्या पडलेल्या भावाबद्दल हे बोलताना त्याची जीभ झडली नाही.

माझं डोकं फिरलं. आवाज वाढवला, तर तो त्याहून मोठ्यानं ओरडला. अण्णांच्या कानाला हेडफोन लावला, तर त्यांनी धड असलेल्या हातानं तो ओढून फेकला. शेवटी म्हटलं, उद्याच डिशची छत्री बसवून घेते, मग बघू कोण आधी ओरडतंय.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे." मग श्वास घेत घेत एकेक शब्द काढला. "म्याचचा रेडू दुकानात आसायचा. मी खाचरात, चिखलात. त्यो बांधावर यायचा... आसाच वरडायचा."

मग मी नीट पाहिलं. अण्णा टीव्हीकडं बघतच नव्हते. त्यांची नजर भिंतीवर होती. आरोळी आली की अर्धं तोंड हसायचं, अर्धं तसंच राहायचं. मला आनंद वगैरे झाला नाही, मत्सर वाटला. ह्या माणसाचं हागणं-मुतणं मी काढते आणि हसू त्या नालायकाला.

आईला मात्र गहिवरून आलं. लेकीसारखी ती जहरी नाही. वाटीत खरवस घेऊन ती इतक्या वर्षांनी काकाच्या दारात गेली. एका विटेच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"भावजी, तुमच्या आवाजाची वाट बघत्यात वं त्ये. तुमी वरडला की हसत्यात. एकदा येऊन जावा."

"आसं व्हय," काका एवढंच म्हणाला. खरवस ठेवून घेतला.

आईला वाटलं, काम झालं. पुढच्या सामन्याच्या दिवशी तिनं अण्णांची चादर बदलली, दाढी करून घेतली, एक खुर्ची कॉटजवळ ठेवली. सामना सुरू झाला. पलीकडं टीव्ही चालू असल्याचं कळत होतं, पण आरोळी नाही. पहिली विकेट पडली, आवाज नाही. मग खिडकी लावल्याचा आवाज आला. मधेच त्याचा नातू "सिक्..." म्हणून ओरडायला लागला आणि काकाचा दबका आवाज आला, "गप. आवाज भाएर जाता कामा न्हाई."

आईनं ते ऐकलं. ती उठून चुलीकडं गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

अण्णा भिंतीकडं बघत राहिले. शेवटच्या चेंडूवर आपल्या संघातल्या पोरानं षटकार मारला, खेळाडू मैदानात धावत सुटले, गावात फटाके वाजायला लागले.

"अण्णा, जिंकलो," मी म्हणाले.

त्यांनी डावा हात उचलून मला गप केलं.

"आजून न्हाई," ते म्हणाले. "त्यो वरडला न्हाई."