धोतरातलं कुसळ

लोक म्हणतात, मनकर्णामावशी डोक्यानं गरम होती. नसावी कावून?

छप्पन साली बौद्ध झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. तवापासून पाटलाचं घर त्याच्यावर डूख धरून होतं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दोघं बडनेऱ्याजवळच्या माळावर गवत कापायला जात होती. एका दुपारी ती भाकर घेऊन आली, तर पुंजाजी काठ्यांनी डोकं फुटून गवतात मरून पडला होता.

चावडीत पाटलाचा शालिकराम फौजदाराला म्हणाला, "मी तं सकाळपासून कपाशीतच होतो."

मावशीनं त्याच्या धोतराचा काठ धरला. त्यात सुईसारखी कुसळंच कुसळं रुतली होती.

"कपाशीच्या काळ्या रानात कुंदा गवत राह्यते, सायेब. कुसळी निस्ती मुरमाड माळावर राह्यते. हा तिथंच गेलता."

फौजदारानं पेनाला टोपण लावलं. मावशीनं कमरेचा विळा काढला आणि ते धोतर फाडलं, आतल्या मांडीसकट.

तुरुंगात तीच गेली. शालिकराम जन्माचा लंगडा झाला. आणि आमच्या गावचे बाप्ये अजूनही माळावरून परतताना वेशीबाहेर बसतात अन् धोतरातलं कुसळ न् कुसळ वेचून मगच घरी जातात.