ओझरच्या अंगणातली शिडाची नाव

ज्याने समुद्र पाहिलेला नाही, ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजात गेले नाही, त्याने नावेविषयी लिहावे हे धाडसच आहे. वाचकांनी आधीच माफ करावे. पण मी ती नाव पाहिली आणि तिला इजाही केली, म्हणून लिहिणे भाग आहे.

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये हरसूलहून सकाळच्या एसटीने निघालो. नाशिकला गाडी बदलून ओझरला उतरलो. तिथे सोनवणे काका राहतात. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईहून पन्नासेक वर्षे जुनी फायबरची नाव ट्रेलरवर घालून घरी आणली. माझा प्रकल्प फायबरवर, म्हणून आमच्या सरांनी मला त्यांच्याकडे धाडले होते.

भिंतीवरून आधी नावेचे टोकच दिसले. दारात काकू होत्या. "सहा वर्षं अंगणात सवत बसवलीय यांनी. तिलाच बघायला आलास ना? ये." आईने दिलेले नागलीचे पापड मी त्यांच्या हातात ठेवले.

नाव सत्तावीस फुटी, पण अंगाने अरुंद. दोन्ही टोके पुढे-मागे लांब झेपावलेली. तळाला पुढून मागेपर्यंत एकसंध कणा (तळाखाली पाण्यात खोल जाणारा उभा भाग), त्याच्या पोटात शिसे आणि मागे त्यालाच जोडलेले सुकाणू. "आताच्या नावा पळतात," काका म्हणाले, "ही पळत नाही. पण धरलेली वाट सोडत नाही, आणि वाऱ्यानं आडवी केली तरी उठून बसते." छोट्या हातोडीने ते जागोजागी ठोकत होते. टणक आवाज आला की अंग भरीव. बद्द आला की आतले थर सुटलेले.

दुसऱ्या दिवशी ती गंगापूर धरणात उतरायची होती. परवानगी मिळाली होती, पण पाणी रोज खाली चालले होते. एवढ्या खोल कण्याला ते जेमतेम पंधरा दिवस पुरणार होते. मग थेट पावसाळ्यानंतर. "सत्तरीला आलोय रे," काका म्हणाले. "पावसाळ्यानंतर बघू म्हणायला आता जीभ वळत नाही."

सकाळी क्रेन आली. चालक म्हणाला, "लय जड हाय काका! नाव हाय का पाण्याची टाकी?" काकूंनी हळदकुंकू वाहिले आणि नारळ मला दिला. "पाहुण्याच्या हातून होऊ दे." आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला की त्याच्या लोखंडी बंपरवरच नारळ फोडतात. मीही तसाच, अगदी मन लावून, नावेच्या पुढच्या अंगावर हाणला.

नारळ फुटला. पाणी ओघळले आणि त्याखाली चांदणीसारखी चीर दिसली. ती जागा नेमकी पाण्याखाली जाणारी होती.

"आरं, दगड काय कमी होते का हितं?" चालक पुटपुटला. काकांनी हातोडी आणून चिरेवर ठोकली. बद्द.

क्रेन रिकामीच परत गेली. मी माफी मागायला लागलो, तर काकांनी पॉलिश पेपर हातात दिला. "बोलू नकोस. घास."

दुपारपर्यंत घासत होतो. रंगाचा थर गेला, खालचे पांढरे पडलेले दोन थर गेले. काकांनी पुन्हा ठोकले. टणक! ते पहिल्यांदा हसले. "त्या काळी फायबर नवीन होतं. बांधणाऱ्यांचा त्यावर भरवसा नव्हता, म्हणून जाड थापलं. त्यांची भीती आपल्या कामी आली." पण आता काचेचे कापड आणि रेझिन थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग पुन्हा क्रेन मिळवायची. जेवताना मी शेवभाजीची वाटी बाजूला सारली. "खा मुकाट्यानं," काकू म्हणाल्या, "उपाशी राहून चीर बुजत नसते."

घरी कौले शाकारायची होती, म्हणून तिसऱ्या दिवशी निघावे लागले. एसटीत विचार करत राहिलो. कॉलेजात जे येत नाही ते विचारायची मला लाज वाटते. इथे चुकलो ते मात्र जे येते असे वाटले, त्यातच.

आमच्या पाड्यावर रेंज नाही. पंधरा दिवस उलटून गेले. त्यानंतर हरसूलच्या बाजारात मीठ घेताना मोबाईल वाजला. काकूंचा चार दिवसांपूर्वीचा निरोप होता:

"नाव पाण्यात आहे. चीर होती तिथं आतून हात फिरवला, कोरडं आहे. हे खाली उतरायला तयार नाहीत, डबा तिकडंच पाठवलाय."