पहिल्या बाळंतपणाला माहेर नको

लेकीला सातवा लागला तेव्हा मी तिच्या सासरी आले होते आणि तिच्यासोबत इंदिरानगरच्या दवाखान्यात गेले होते. कोपऱ्यात बसले होते. पण डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोटांची सालं निघाली होती. त्यांनी विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. आमचा भाजीचा मळा. फवारणीची भुकटी काडीने ढवळली की गुठळ्या राहतात, पंपाची नळी तुंबते. म्हणून बांगड्या वर सारून, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून मीच ती कालवते.

"ही पोटात होती तेव्हाही?"

"नववा लागेपर्यंत."

त्या रागावल्या नाहीत. समजावून सांगत राहिल्या. बीज तेच राहतं, पण त्यातलं काय जागं व्हायचं आणि काय झोपून राहायचं, ते विषाने बिघडू शकतं. आणि मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या पुढच्या लेकरांचं बीज तिच्यात तयार होतं.

म्हणजे त्या ड्रमपाशी मी, माझी लेक आणि हे येणारं बाळ, तिघंही होतो.

"बिघडेलच असं नाही, मावशी," असं त्या दोनदा म्हणाल्या. पण मला लेकीची लहानपणची धाप आठवत होती. शाळेचा जिना चढतानाही ती दमायची. ते माझ्यामुळे का, हे विचारायचा धीर झाला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. आमचं घर मळ्याच्या मधोमध. फ्लॉवरवर आठवड्याला फवारणी, दोरीवरच्या कपड्यांनाही वास येतो. विहीणबाईंनी कधी पाठवू म्हणून विचारलं, तेव्हा मी मान खाली घालून म्हणाले, पाठवू नका, बाळंतपणाला मीच इकडे येते.

"लेक जड झाली का हो विहीणबाई?" त्या हसत म्हणाल्या, पण लेक तोंड फिरवून आत गेली.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. दवाखान्यात ती सगळं ऐकत होती, तरी माहेर नको म्हणण्याचं कारण तिला कळलं नव्हतं. ते मी सांगितलं. तुझी धाप माझ्यामुळे असेल, असंही सांगून टाकलं. तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "आणि आई, तू परत तिथेच जाणार?"

 तिने माझी पिशवी उघडली आणि माझ्या साड्या आपल्या कपाटात लावल्या.

आता बाळ यायला तीन आठवडे आहेत. घरून रोज फोन येतो, फवारणी खोळंबली आहे, कधी येतेस. मी पुढच्या आठवड्यात म्हणते. बाळाचं रडणं ऐकेपर्यंत मी इथून काही हलायची नाही.