घरातले दोन तपासनीस

माझा मेहुणा जेवायला बसला की खिशातली बोटभर पेन्सिल काढून ताटाशेजारी ठेवायचा. वायुदलात तो नवी विमानं उडवून तपासणारा वैमानिक होता आणि सुट्टीवर आला की समोर येईल ते तपासायचा. उड्डाणानंतर लिहायचा तसं वांग्याच्या भाजीवरसुद्धा कार्ड लिहायचा: 'तिखट बरोबर. तेल दुसऱ्या घासाला जाणवते.' सासूबाई असली कार्डं देवघरात जपून ठेवायच्या. मी हेच तोंडानं सांगितलं असतं, तर जावयाला नावं ठेवायची सवयच आहे म्हणाल्या असत्या.

घरात सगळे त्याला बाबू म्हणत. मीही तपासनीसच, पण बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत. धागा यंत्रावर ताणायचा आणि किती ताणावर तुटतो ते लिहायचं. बारा वर्षांत नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या घरात माझ्या सासू-सासऱ्यांनी या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. बाबू आला की मात्र सासरे शेजाऱ्यांना चहाला बोलवायचे, आणि खुर्ची कमी पडली की उठायचं मी.

एकदा तो माझी नवी स्कूटर घेऊन चौकापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, मागचा ब्रेक उशिरा धरतो. सगळं घर वा वा करायला लागलं. मला ते आठ दिवसांपासून माहीत होतं. पण त्यानं सांगितलं म्हणून तो ब्रेक मी सहा महिने दुरुस्त केला नाही.

सगळ्यात राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या कामाबद्दल विचारायचा तो एकटाच. तुटण्याआधी धागा काही खूण देतो का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"भाऊजी, तुमचं-आमचं काम एकच हाय. मले एकदा गिरणीत न्या ना. काहून टाळून राहिले?"

मी कधी शिफ्ट बदलली म्हणायचो, कधी यंत्र बंद आहे म्हणायचो. यंत्र चालूच असायचं. तो आला असता तर तिथंही सगळे त्याच्याभोवती जमले असते, आणि माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

गेल्या हिवाळ्यात चाचणीच्या उड्डाणात त्याचं विमान कोसळलं. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, आभाळही स्वच्छ होतं. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून, सांगायला लाज वाटते, मला त्याचा हेवाच वाटला.

पंधरा दिवसांनी त्याचा एक सहकारी सामान घेऊन आला. त्यात एक कार्ड होतं, 'नागपूरची कामं'. आईचा चष्मा, बाबांचे दात, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. शेवटी 'भाऊजींची गिरणी', आणि त्यापुढे तीनदा लिहिलेलं, 'राहिलं'.

सासऱ्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, बाबूले तुमच्या गिरणीत काय पाह्याचं होतं? तुमी करता तरी काय तिथी?"

बारा वर्षांनी विचारलं, तेही त्याच्यामुळेच. मी धागा, यंत्र, ताण, सगळं नीट सांगितलं. सासरे मान हलवत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळलं असतं, त्याला मी यंत्र बंद आहे म्हणून सांगितलं होतं.