आजचा पत्ता

नागपुरात इंदोऱ्यातल्या आमच्या वाचनालयाची खोली एकच होती, आणि तिथं सगळ्यात जास्त वाचणारी बाई वाचनालयाची सभासद नव्हती. ती तिथं झाडायला होती. वच्छलाबाई रंगारी. सकाळी ती खोली झाडायची, माठ भरायची, आलेली वर्तमानपत्रं लाकडी पट्ट्यांत अडकवायची आणि लोक यायच्या आत ती सगळी वाचून काढायची. बातम्यांशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. ती आतल्या पानांवरच्या बारीक चौकटी वाचायची. कुठलं सरकारी खातं मागितलं की तक्ते पाठवतं, कुठलं परदेशी रेडिओ केंद्र पत्र लिहिलं की भाषेचे धडे पाठवतं, संत्र्याच्या झाडावरच्या किडीची पुस्तिका कुणाकडे मिळते, हे ती शोधत असायची.

सापडलेलं ती स्वतःपुरतं ठेवत नसे. दाराबाहेर सभेच्या सूचनांसाठी एक फळा होता आणि सभा वर्षातून दोनदाच व्हायची. वाचनालयाचे चिटणीस रुपरावजी यांच्याकडून तिनं खडू मागून घेतला आणि फळ्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘आजचा पत्ता’. खाली रोज एक पत्ता, आणि तिथून काय येतं ते एका ओळीत. गिरणीतून सुटलेली माणसं, शाळेतून येणाऱ्या मुली, भाजी घेऊन चाललेल्या बाया, सगळे तिथं थांबून पत्ता उतरवून घेत. अट एकच होती. जे मागवाल ते वाचनालयाच्या पत्त्यावर मागवायचं, आणि आलं की आठ दिवस टेबलावर ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांना बघता येईल. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर ती आपल्या वहीत त्या पत्त्यावर फुली मारायची आणि म्हणायची, हा पत्ता मेला.

आमच्या अख्ख्या वस्तीनं त्या टेबलावर जग पाहिलं. माणसाच्या पोटातल्या आतड्यांचा रंगीत तक्ता पाहून एका म्हाताऱ्यानं दोन दिवस जेवण सोडलं होतं. चंद्रावरच्या खड्ड्यांची पुस्तिका तर इतक्या हातांतून गेली की शेवटी नुसते खड्डेच उरले. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सातवीनंतर घरातल्या लहान भावंडांना सांभाळायला मला बसवलं होतं, आणि रोज धाकट्याला कडेवर घेऊन मी तो फळा वाचून यायची. मी तिला मावशी म्हणायची. सगळ्याच मुली म्हणायच्या.

मावशीच्या या वेडाचं मूळ मला फार उशिरा कळलं, तिच्या नवऱ्याकडून. नत्थूजी कोराडीला वीजघराच्या बांधकामावर जायचे. मितभाषी माणूस, पण बायकोबद्दल विचारलं की बोलायचे. मावशीसुद्धा सातवीतच शाळेतून निघाली होती, सन पन्नासच्या सुमाराला. शनिवारी तिनं गणिताची वही गुरुजींकडे तपासायला दिली, रविवारी तिची आई तापानं पडली, आणि सोमवारी आईच्या जागी ही मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली. वही शाळेतच राहिली. वर्षभरानं ती वही मागायला गेली, तर गुरुजींची रामटेकला बदली झालेली. तिच्या मते त्या वहीत लाल शाईनं काहीतरी लिहिलेलं असणार, आणि ते तिनं वाचलेलं नव्हतं. शाळा सुटल्याचं दुःख ती बोलून दाखवायची नाही. वही राहिल्याचं मात्र लग्नाच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याला सांगून झालं होतं.

बहात्तर साली तिला ती चौकट सापडली. पुण्याची एक संस्था शाळा सुटलेल्या मुलींना आणि बायकांना टपालानं मॅट्रिकपर्यंत शिकवणार होती. दर पंधरा दिवसांनी धडा यायचा, आपण उत्तरं लिहून पाठवायची, आणि तिथले शिक्षक ती तपासून परत पाठवणार होते. विदर्भातून फक्त वीस जणी घेणार होते.

तीन दिवस फळ्यावर संत्र्याची कीडच राहिली. रोज बदलणारा पत्ता बदलला नाही म्हणून लोक विचारू लागले, आणि मावशी खडू संपला म्हणून सांगत राहिली. घरात नत्थूजी तिला समजावत होते, "आधी तुहं नाव लागू दे, मंग लिही फळ्यावर."

त्यावर ती म्हणाली म्हणे, "मंग फळा कायले ठेवला?"

चौथ्या दिवशी तिनं आपलं पोस्टकार्ड पेटीत टाकलं, आणि त्याच सकाळी फळ्यावर पत्ता लिहिला. एरवी ती नुसता पत्ता लिहायची, पत्र ज्याचं त्यानं लिहायचं. या खेपेला संस्थेनं ठरावीक मजकूर मागितला होता, म्हणून तिनं नमुन्यासाठी अख्खं पत्रच लिहून काढलं. माननीय महोदय, मी अमुक इयत्तेपर्यंत शिकले आहे, मला पुढे शिकण्याची इच्छा आहे. खाली नाव, वच्छला नत्थूजी रंगारी, आणि वाचनालयाचा पत्ता. शेजारी उभी राहून ती प्रत्येकीला बजावत होती की फळ्यावर आहे तसंच उतरवा, काना-मात्रा बदलू नका.

आम्ही बदलला नाही.

आता यावर कुणी हसेल, आणि हसावं. पण आमचं शिक्षण म्हणजे काय होतं? मास्तर फळ्यावर लिहितील ते जसंच्या तसं पाटीवर उतरवायचं. फळ्यावरच्या अक्षराला हात लावायचा नसतो, हे आम्ही पहिलीतच शिकलो होतो. शिवाय आजवर जे काही आलं ते वाचनालयाच्याच पत्त्यावर आलं होतं, तेव्हा नावही वाचनालयातल्या बाईचंच घालायचं असेल, असं आम्ही धरून चाललो. अकरा जणींनी अकरा कार्डं लिहिली, आणि अकराही कार्डांखाली सही होती वच्छला नत्थूजी रंगारी. त्यातलं एक माझं. मी तर ते जरा वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

महिन्याभरानं उत्तर आलं. वर्तमानपत्रांच्या पट्ट्यांजवळ उभं राहून मावशीनं ते वाचलं, आणि मी समोरच होते. एकाच नावाची बारा पत्रं बारा निरनिराळ्या अक्षरांत आली आहेत, हा खोडसाळपणा असून या नावाचा विचार केला जाणार नाही, असं त्यात होतं. खरोखर गरजू असतील त्यांनी आपापल्या नावानं पंधरा दिवसांत लिहावं, असंही होतं. मावशीनं पत्र घडी करून कमरेला खोचलं. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं, ‘सर्वांनी स्वतःच्या नावाने पुन्हा लिहावे’. नमुना दिला नाही. मग आम्हा अकरा जणींच्या घरी जाऊन तिनं प्रत्येकीकडून समोर बसून कार्ड लिहून घेतलं.

तिची निवड झाली असती की नाही, कुणास ठाऊक. आमच्यातल्या चौघींची झाली, आणि त्यांत मी होते. रुपरावजींना फार वाईट वाटलं. वाचनालयाचा शिक्का मारून खुलासा पाठवतो, असं ते म्हणत होते. आम्ही चौघीही तिच्या मागे लागलो. मावशीनं ऐकून घेतलं आणि झाडू उचलला.

"त्याहिले वीसच पाहिजेत," ती म्हणाली. "आता माहं नाव घालाले लावलं, तं तुमच्यातली एक कमी होईल."

माझे धडे येऊ लागले. खाकी लिफाफा पोस्टमन मावशीच्या हातात द्यायचा, आणि ती तो पदराला हात पुसून घ्यायची. नवा धडा ती वाचायची, पण तिचं खरं लक्ष माझ्या तपासून आलेल्या उत्तरांवर असायचं. लाल शाईचा एकेक शेरा ती सावकाश, मोठ्यानं वाचायची. ‘घाई करू नका.’ ‘पायरी सुटली आहे.’ ‘पुन्हा करा.’ इथं काहून कापलं, तिथं अर्धा गुण काहून दिला, असं विचारत राहायची. मला त्याचा कंटाळा यायचा. माझ्या चुका माझ्याच समोर कुणी इतक्या गोडीनं वाचाव्यात, हे मला आवडत नव्हतं. ती हावरटासारखी बघायची त्या शाईकडे, आणि मला तेव्हा त्याची लाज वाटायची. आज लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची.

एकदा मी लिफाफा चिकटवत होते. मावशी माठाजवळ उभी होती. इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "चारू, माहं एक पान तुह्या लिफाफ्यात जाईल काय वं?"

मी नाही म्हटलं. पुन्हा दोन अक्षरं एका नावावर गेली तर माझंही नाव कापतील, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. ती लगेच म्हणाली की बरोबर आहे, आणि पान घडी करून नेलं. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही, आणि मीही त्या पानावर काय होतं ते विचारलं नाही.

मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, काटोलच्या शाळेत लागले. आठवड्यातून एकदा बसनं नागपूरला यायची. शहाऐंशी साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मावशीनं मला वाचनालयात बोलावलं आणि पेटीतून एक जाडजूड वही काढली. माझ्या सगळ्या धड्यांची उत्तरं तिनं त्यात लिहिली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रश्न क्रमांकासकट, समास आखून. माझे लिफाफे येत होते तेव्हाच तिनं धडे उतरवून घेतले होते आणि पुढं चौदा वर्षं, झाडून झालं की, सोडवत बसली होती. तिनं एवढंच म्हटलं की तू आता मास्तरीण झाली, सवड झाली की तपासून दे.

मी वही नेली. तपासली नाही.

सवड नव्हती असं सांगता येईल, पण खरं कारण ते नव्हतं. ती वही उघडली की मला तो लिफाफा आठवायचा. काटोलला माझ्या टेबलाच्या खणात ती पाच महिने पडून होती. मावशीनं एका शब्दानं विचारलं नाही. दर खेपेला ती चहा करायची, आजचा पत्ता कुठला ते सांगायची आणि माझ्या पिशवीकडे एकदा बघायची. दिवाळीच्या आधी मला एकदम त्या रामटेकला बदली झालेल्या गुरुजींची आठवण झाली. मी वही उचलली आणि काटोल-नागपूर बसमध्ये, खिडकीशी बसून, पान उलटलं की बरोबरची खूण, पान उलटलं की बरोबरची खूण, असं करत नागपूर यायच्या आत संपवली. शेवटी लिहिलं, ‘उत्तम’. तेवढ्यानं ती खूश होईल असं मला वाटलं होतं.

दुपारची वेळ होती. वाचनालयात कुणी नव्हतं. मावशीनं हात धुतले, चष्मा लावला, आणि पहिल्या पानापासून वही बघायला घेतली. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू. मग तिची बोटं भराभर चालू लागली. काहीतरी शोधत होती. एका पानावर ती थांबली आणि बराच वेळ थांबली.

"हे हौदाचं गणित चुकलं आहे," ती म्हणाली. "तीनदा केलं मी, तिन्ही खेपेले निराळं उत्तर आलं. अन् तू त्याच्यावर बरोबर काढलं."

मी वाकून त्या पानाकडे बघितलं.

"तू वाचलंच नाही वं, चारू."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला आणि वही मिटून मांडीवर ठेवली. बिड्या वळणाऱ्या बाया सूप धरतात तशी दोन्ही हातांनी धरून बसली होती. चौदा वर्षांपूर्वी मी एक पान नाकारलं होतं, आणि आज अख्खी वही न वाचता परत केली होती. तिला शाबासकी नको होती. तिनं जन्मभर एवढंच मागितलं होतं की कुणीतरी तिचं लिहिलेलं नीट वाचावं आणि चुकलंय तिथं चुकलंय म्हणून सांगावं.

मी तिच्या मांडीवरून वही ओढून घेतली आणि पुन्हा पहिलं पान काढलं. या वेळी ओळ न् ओळ वाचली. ती समोरच्या बाकावर हाताची घडी घालून, पाय जवळ घेऊन बसली होती. तिला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. मी फुली मारली की ती मान लांब करून बघायची. दया म्हणून मी एकही फुली सोडली नाही. ‘पायरी सुटली आहे’ असं लिहिलं. ‘घाई करू नका’ असं कुठंच लिहावं लागलं नाही. संध्याकाळचे वाचक येऊन बसू लागले तेव्हा वही संपली, आणि मावशीनं बोटानं एकेक फुली मोजली.

"एकतीस," ती म्हणाली. मग वही मिटून, "गुरुजीजवळ राहिली त्या वहीत किती होत्या, मले आजपर्यंत माहीत नाही."

नंतर ती उठली. दाराबाहेर जाऊन ओल्या फडक्यानं फळा पुसला, ‘आजचा पत्ता’ ही डोक्यावरची अक्षरंसुद्धा पुसली आणि खडू माझ्या हातात दिला. हौदाचं सांग म्हणाली. मी फळ्यावर हौद काढला, दोन नळ काढले, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा, आणि पायरी-पायरीनं गणित सोडवून दाखवलं. रस्त्यानं जाणारे लोक पत्ता उतरवून घ्यायला थांबले, आणि मावशीनं त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. मग ती पायरीवर बसली आणि माझ्या फळ्यावरचं सगळं, काना-मात्रा न बदलता, आपल्या वहीत उतरवून घेऊ लागली.