विहिरीजवळचा संत्रा कडू कसा झाला

मी जन्मात एकदाच हुशारी केली, आणि तिच्यापायी एक चांगलं फळतं झाड गेलं. हसायचं तर हसा. मीही हसते.

आमची कळमेश्वरला संत्र्याची बाग. आमच्या यांच्या पित्ताशयातले खडे नागपूरच्या दवाखान्यात काढले आणि वर्षभरात अंग पिवळं झालं. खाजवून खाजवून चामडी सोलली. डॉक्टर म्हणाले, "आतली पित्ताची नळी आवळली आहे." पुन्हा पोट उघडून ती आतड्याला जोडायची होती, पण यांच्या अंगात तेवढा जीवच नव्हता. म्हणून तूर्त कुशीतून एक रबरी नळी बाहेर काढली, आणि पित्त खाटेखालच्या बाटलीत थेंब थेंब पडू लागलं.

मग डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "बाई, हे पित्त पोटात गेल्याशिवाय अन्न पचणार नाही, ताकद येणार नाही. रोज गाळून फळाच्या रसात पाजा. पण त्यांना सांगू नका. किळस आली तर पिणार नाहीत."

आता आली का पंचाईत? नागपुरातल्याच बर्डीच्या बाजारातून संत्री आणली, पडद्याआड पिळली, साखर घातली, काळं मीठ घातलं, आणि वरून ते हिरवं पाणी.

यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय होय वं?"

"संत्र्याचा रस."

"कुठचा संत्रा?"

घरचा म्हटलं तर आवडीनं पितील, असं वाटलं मला. "आपल्याच बागेतला. विहिरीजवळच्या झाडाचा."

"विहिरीजवळचा संत्रा कडू?"

"यंदाचा बहारच तसा आहे जी."

"तू मले बहार शिकवून राहिली? घे बरं तू एक घोट."

घेतला. काय करणार? कडुनिंबाचा पाला चावल्यासारखी जीभ मेली. तरी तोंड हसरं ठेवून म्हटलं, "उलसाक आहे कडू. पण डॉक्टर म्हणतात, कडूच चांगला."

नाक दाबून प्याले. मला वाटलं, जिंकले मी. रोज एक गिलास जाऊ लागला, गालही थोडे भरले. पण माणूस पडला बागाईतदार. दिवसभर छताकडे पाहत एकच: "मुळात पाणी गेलं असंल. रोग असंल. बाजूच्या झाडाले लागंल."

एक दिवस भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, भेटायला आले. हे म्हणाले, "विहिरीजवळचं झाड तोडून टाक गा. सारी बाग नासवंल ते."

ते झाड यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं. खरं सांगावं तर पित्त पिणं थांबणार, ऑपरेशन राहणार, माणूस जाणार. न सांगावं तर झाड जाणार. भाऊजींना बाजूला घ्यावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हटलं, जाऊ द्या. भाऊजींनी आजवर कोणतं काम वेळेवर केलंय, की हे करणार आहेत?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी हजर. "तोडलं गा दादा. मुळासकट."

मी मोरीत जाऊन रडून आले आणि रस पिळायला बसले.

त्याच आठवड्यात एक नवे डॉक्टर फेरीला आले आणि यांनाच विचारून मोकळे झाले, "पित्त रोज पिताय ना, बाबा?"

यांनी गिलासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे माझंच होय?"

"हो जी."

"मग सांगाचं नाही का? माझंच आहे, शेजाऱ्याचं थोडीच आहे." आणि गटागटा पिऊन टाकलं.

ऑपरेशन झालं. दीड वर्ष बरं गेलं. मग नळी पुन्हा आवळली, डोळे पुन्हा पिवळे झाले, आणि या खेपेला डॉक्टरांनीच हात टेकले. यांना बागेतल्या घरी आणलं. खाटेवरून विहिरीजवळची मोकळी जागा दिसायची. एक दिवस तिकडे पाहता पाहता म्हणाले, "एक विचारू काय वं?"

"विचारा ना."

"दवाखान्यातले ते संत्रे खरे कुठचे होते?"

"बर्डीच्या बाजारातले."

"मग तसंच काहून नाही सांगितलं?"

खरं सांगते, यांनी विचारेपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.